लूप रेकॉर्डरची जागा लाल झालीय, त्यात ‘पॉज’चे इशारे – मदत हवी आहे

आईला (वय ६८) वर्षभरात तीनदा भोवळ आली. २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर यंत्र लावलं, तर त्या दिवशी आईसाहेब ठणठणीत! म्हणून मग छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली लूप रेकॉर्डर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र) बसवला.

आज अठरावा दिवस. जखम वरून भरलीय, पण खालच्या टोकापाशी कातडी ताणून चकाकतेय, लालसर आहे, हाताला कोमट लागते. पू नाही, ताप नाही. ब्राची शिवण नेमकी तिथेच घासते. आई सारखी बोट फिरवून बघते, “हलतंय गं आत.”

दुसरं म्हणजे, उशाशी ठेवलेल्या मॉनिटरने दोनदा ५ सेकंद ठोका थांबल्याचं (‘पॉज’) कळवलं. दोन्ही वेळा पहाटे, आई गाढ झोपेत. क्लिनिकचं उत्तर: “मशीनची चूक असेल, पुढच्या भेटीत पाहू.” पुढची भेट सहा आठवड्यांनी! तोवर थांबायचं का? आणि चूक आहे हे ठरवतात कसं?

प्रतिसाद
ताई, थांबू नका. आजच दाखवा. माझ्या यंत्राचं टोक दुसऱ्या महिन्यात कातडीतून बाहेर आलं होतं, आणि त्याआधी आठवडाभर जागा अशीच चकाकत होती. मी मलम चोळत बसलो, हा माझा शहाणपणा. दाबू नका, घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही देऊ नका. असा जंतुसंसर्ग फार जणांना होत नाही, पण यंत्रापर्यंत पोचला तर नुसत्या गोळ्यांवर सहसा भागत नाही, यंत्र काढावं लागतं. हृदयात तार नसते, त्यामुळे काढणं छोटंसंच काम असतं.

पॉजचं म्हणाल तर नुसता इशारा धरून बसू नका, मूळ ट्रेस (ठोक्यांचा आलेख) मागा. कूस बदलली की कधीकधी ठोक्यांची उंची कमी पडते आणि यंत्र ते मोजतच नाही. तसं असेल तर ‘थांबलेल्या’ ५ सेकंदांतही बुटके ठोके दिसतात, आणि सेटिंग बाहेरूनच बदलता येतं. रेष खरोखर सपाट असेल तर गोष्ट वेगळी. अर्थात झोपेत खरे पॉजही येतात, म्हणून निवाडा डॉक्टरांनीच करायचा. आणि हे यंत्र फक्त नोंद करतं, ठोका देत नाही. पुन्हा शुद्ध हरपली तर मॉनिटरकडे बघत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

धागाकर्ती, दोन दिवसांनी
दाखवून आलो. ट्रेसमध्ये बुटके ठोके होते, म्हणजे पॉज खोटे! पण टोकाशी संसर्ग निघाला, उद्या यंत्र काढणार. जखम पूर्ण बरी झाली की दुसऱ्या जागी नवीन बसवू म्हणाले. आईचा एकच प्रश्न आहे: ब्राच्या शिवणीपासून लांब बसवून मिळतं का? इथे कुणी तसं करून घेतलंय?