मदत हवी आहे: पथकातली पोरं अजिबात ऐकत नाहीत, 26 जानेवारी तोंडावर आली

शेवटचा_तास | 9 जानेवारी, रात्री 9:52

नमस्कार. शाळेचं पथक यंदा माझ्याकडे आलंय. 22 पोरं, सातवी ते नववीची. तालुक्याच्या मैदानावर संचलन आहे. रोज तासभर सराव घेते, त्यातली चाळीस मिनिटं "वाजवू नका, वाजवू नका" म्हणण्यात जातात. एकाला समजावायला वळले की बाकीचे एकवीस सुरू. आज तर घसा इतका बसला की वर्गावर आवाजच फुटेना. एका पोराला परवा काढलं, पण त्यानंतर जास्तच बिघडलंय. काय करू? लवकर सांगा, उद्या सकाळी परत सराव आहे.

टोल_टिपरू | रात्री 10:05

ताई, मी पुण्यात बारा वर्षं पथकात वाजवतोय. पहिली गोष्ट, टोल आणि टिपरू, म्हणजे ढोल वाजवायच्या दोन काठ्या, पोरांच्या हातात आधी द्यायच्याच नाहीत. आमच्याकडे नवीन वादकाला सुरुवातीचे दिवस ढोल बांधू देत नाहीत, मांडी घालून बसायचं आणि मांडीवर हात बसवायचा. ताशेवाला पुढे उभा करा. त्याने इशारा केल्याशिवाय एकही ढोल वाजता कामा नये. शिवाय ढोलाची दोरी तपासा. पान, म्हणजे ढोलाचं कातडं, सैल असलं की आवाज निघत नाही, मग पोरं नुसती बडवत सुटतात. दोरी कशी ओढायची ते हवं असेल तर सविस्तर लिहितो.

निवृत्त_पीटी | रात्री 10:31

मॅडम, पथक म्हणजे ढोल-ताशा की बँड? संचलन म्हणताय म्हणजे बँड असणार. वाद्यं कोणती, किती? सराव किती वाजता? काढलेला मुलगा काय वाजवायचा? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार.

तरी एक सांगतो. 31 वर्षं पीटी शिकवली. परवानगीशिवाय वाजवलं की काठ्या दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला पाच फेऱ्या. तीन दिवसांत पथक सरळ होतं.

आईची_डायरी | रात्री 10:44

काका, आदर ठेवून सांगते, हे आता चालत नाही आणि चालू नये. शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. माझ्या मुलीला अशाच एका पथकात उन्हात उभं केलं होतं. तिने काठ्या पुन्हा हातात घेतल्या नाहीत. आठवीत होती, चांगली वाजवायची.

निवृत्त_पीटी | रात्री 10:58

तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण पळणं आणि छळ यात फरक आहे. पळल्याने दम वाढतो, ड्रम गळ्यात घालून तीन किलोमीटर चालायला दम लागतो.

आईची_डायरी | रात्री 11:03

मग सगळ्यांनीच पळा, सुरुवातीला, व्यायाम म्हणून. चुकलेल्यालाच पळवलं की ती शिक्षा होते. पोरांना तो फरक लगेच कळतो.

शेवटचा_तास | 10 जानेवारी, सकाळी 8:20

सांगायचं राहिलं, बँडच आहे. 10 साइड ड्रम, 2 बास ड्रम, 2 झांजा, 4 ट्रँगल, 4 बिगुल. मी विज्ञान शिकवते, मला यातलं एकही वाद्य वाजवता येत नाही. आधीचे सर निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी फाईल माझ्या हातात दिली. सराव सकाळी सव्वासहाला. वाडीवरची सहा पोरं एसटीने येतात, ती साडेसहापर्यंत पोचतात, म्हणजे रोज सुरुवात दोनदा होते.

काढलेला मुलगा नववीतला, साइड ड्रममधला सगळ्यात चांगला. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, त्यामुळे हात तयार आहे. पण सरळ ठेक्यात मध्येच वरातीतल्यासारखं जादा ठोके भरून वाजवतो, मग सगळे त्याच्या मागे जातात.

आजही तेच झालं. शिट्टी फुंकली, कुणी थांबलं नाही.

टोल_टिपरू | सकाळी 9:10

बँड असला तरी मूळ तेच हो. हाताची शिस्त. आणि त्या मुलाला काढायला नको होतं. मी असतो तर त्याला मधे एक तुकडा एकट्याला वाजवायला दिला असता. बाकीच्यांचं थांबणं आपोआप येतं, कारण त्यांना ऐकायचं असतं.

निवृत्त_पीटी | सकाळी 9:26

सलामी मंचासमोर एकट्याचा तुकडा? संचलन आहे, मिरवणूक नाही. तिथे मिनिटाला साधारण 120 पावलं पडतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. एका पोराने मात्रा भरली की मागच्या शंभर पोरांची पावलं चुकतात.

डेसिबल_मर्यादा | सकाळी 9:40

सकाळी सव्वासहाला 22 वाद्यं? आजूबाजूच्या लोकांना विचारलंय का? 2000 च्या ध्वनी नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शाळेच्या आसपासचं 100 मीटर शांतता क्षेत्र ठरू शकतं. पुण्यातल्या पथकांचा तर कहर झालाय.

टोल_टिपरू | सकाळी 9:52

पुण्यातल्या पथकांचा इथे काय संबंध? 2024 मध्ये हरित लवादाने एका पथकात 30 च माणसं असावीत असं सांगितलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. ढोल-ताशा हा पुण्याचा जीव आहे. शाळांची पथकं सुरू झाली तेव्हा ज्ञानप्रबोधिनी या पुण्यातल्या शिक्षणसंस्थेच्या संस्थापक अप्पासाहेब पेंडशांनी पोरांना संघटना शिकवण्यासाठीच ढोल हातात दिला होता.

डेसिबल_मर्यादा | सकाळी 9:58

स्थगितीने माझ्या वडिलांच्या रक्तदाबाचं काही झालं नाही. विसर्जनाला ते रात्रभर जागे होते.

बाजारतळ | सकाळी 10:15

दोघांनीही हा वाद दुसऱ्या धाग्यावर न्यावा ही विनंती, इथे बाई अडकल्यात.

शेवटचा_तास, एक विचारतो. सराव नेमका कुठे घेता? मैदानावर की आत?

शेवटचा_तास | दुपारी 1:35

मैदानाला लागून दहावीचे वर्ग आहेत आणि सात वाजता त्यांचे जादा तास असतात. म्हणून आम्ही सायकली लावायच्या शेडमध्ये करतो. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत.

बाजारतळ | दुपारी 2:10

बाई, मग तुमची पोरं ऐकत नाहीत असं नाही, त्यांना ऐकूच येत नाहीये.

मी शाळेत असताना चार वर्षं साइड ड्रम वाजवला, आता आमच्या गावातल्या शाळेत शनिवारी शिकवायला जातो. पत्र्याखाली दहा ड्रम वाजले की प्रत्येक ठोका दोनदा येतो, एकदा कातड्यावरून आणि एकदा पत्र्यावरून. पोराला स्वतःचा हात कळत नाही, मग ते जोरात मारतं, शेजारचं त्याहून जोरात. शिट्टी त्यात बुडते. उद्या तुम्ही स्वतः मधल्या रांगेत उभ्या राहा आणि कुणालातरी शिट्टी फुंकायला सांगा, कळेल.

आठवडी बाजाराची जागा जवळ आहे का? बाजाराचा दिवस सोडून ती रिकामी असते. आमचा सगळा सराव बाजारतळावरच झालाय.

दुसरं, आवाजावर आवाज चढवू नका. हाताची खूण ठरवा. तुमची मूठ वर गेली की काठ्या डाव्या काखेत. हातात काठी आणि समोर कातडं असलं की बारा वर्षांचं पोर टकटक करणारच, त्यात उद्धटपणा नाही. काठी काखेत गेली की हात रिकामे. पहिले दोन दिवस ठेका शिकवूच नका, फक्त मूठ आणि काख. दहा वेळा, वीस वेळा.

तिसरं, साइड ड्रमच्या खालच्या कातड्याला तारा असतात, बाजूला खटका असतो. बोलायचं असेल तेव्हा खटका पाडायला सांगा. तारा सुटल्या की तो चर्र आवाज जातो आणि निम्मी चुळबुळ ऐकू येईनाशी होते.

कानाचं_काम | दुपारी 3:02

कुणी विचारलं नाही तरी लिहिते, मी श्रवणतपासणी करते. 85 डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची शिफारस आहे आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे 94 ला एकच तास. बंद शेडमध्ये दहा ड्रम याच्या सहज वर जातात. कानात कापूस घालून उपयोग नाही, औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात ते द्या. सराव संपल्यावर कुणा मुलाच्या कानात शीळ वाजल्यासारखं होत असेल तर त्याला दोन दिवस विश्रांती द्या आणि कान तपासून घ्या.

शेवटचा_तास | 11 जानेवारी, सकाळी 7:55

मधल्या रांगेत उभी राहिले. शिट्टी खरंच ऐकू आली नाही. मी जिथे उभी राहून ओरडते तिथून सगळं स्पष्ट वाटतं, आत नुसता गडगडाट. ज्यांच्यावर ओरडले त्या सगळ्यांची आज माफी मागितली.

सातवीतल्या एका ट्रँगलवाल्या मुलीने तेव्हा सांगितलं, "बाई, आम्ही तुमचं तोंड बघून ओळखतो थांबायचं की नाही." मी पाठमोरी असले की त्यांना काहीच कळायचं नाही.

बाजारतळासाठी ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय. एसटीने उशिरा येणाऱ्या सहा जणांना बिगुल आणि ट्रँगलकडे घ्यावं का? ते उशिरा आले तरी चालेल.

निवृत्त_पीटी | सकाळी 8:30

असं करू नका. उशीर एसटीचा आहे, पोरांचा नाही. सराव साडेसहालाच सुरू करा आणि पंधरा मिनिटं पुढे न्या.

खुणेची पद्धत योग्य आहे, मीही शिट्टीबरोबर हात वापरायचो. फेऱ्यांबद्दल आईची_डायरी यांचं म्हणणं रात्री पुन्हा वाचलं. सगळ्यांनी मिळून पळायचं, तेवढं ठेवा.

बाजारतळ | सकाळी 9:05

मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून हे मुलांना सांगा, फार आवडेल. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. मैदानावर शेवटची रांग 50 मीटर मागे असेल तर ठोका तिथे सेकंदाचा सातवा भाग उशिरा पोचतो. पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे हा उशीर डोळ्यांना दिसतो. म्हणून बास ड्रम मधोमध ठेवायचे आणि मागच्यांनी कानाने नाही, पुढच्याच्या टाचेकडे बघून चालायचं.

आणि त्या नववीतल्या मुलाला परत बोलवा. साइड ड्रमवर नको, बास ड्रमवर. तिथे भरून वाजवायला जागाच नसते, डावा पाय पडला की ठोका. ज्याला ताल आतून येतो त्याच्याच हातात बास हवा, कारण सगळे त्याच्यावर चालतात.

टोल_टिपरू | सकाळी 9:20

हे मान्य. माझ्या एकट्याच्या तुकड्यापेक्षा हे बरं.

शेवटचा_तास | 13 जानेवारी, रात्री 8:40

काल त्याच्या घरी गेले. तो दारात उभा राहून म्हणाला, "बास म्हणजे शिक्षा का बाई?" मला नीट सांगता आलं नाही. त्याच्या वडिलांनी सांगितलं. ते म्हणाले, वरातीत ताशा चुकला तर चालतं, बास चुकला तर घोडी बिथरते.

आज तो सव्वासहालाच आला. बास ड्रमचा पट्टा त्याला आखूड होतो, ड्रमची कडा छातीवर घासते, तरी पूर्ण वेळ एकही जादा ठोका नाही. मूठ वर केली की सतरा-अठरा काठ्या लगेच काखेत जातात, उरलेल्या दोन श्वासांनी. घसा बराच मोकळा आहे. बाजारतळाची परवानगी मिळाली, फक्त सोमवारी नाही.

पट्टा लांब कसा करायचा? चांभाराकडे देऊ की नवीन आणू? 26 ला तो चालताना अवघडला तर मला वाईट वाटेल.

बाजारतळ | रात्री 9:02

चांभाराकडे द्या. दुसऱ्या टोकाला वीतभर जादा पट्टी शिवून बकल पुढे घ्यायला सांगा, तासाभरात होतं. खांद्यावर पट्ट्याखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा, आणि ड्रम बांधून त्याला मैदानाची एक पूर्ण फेरी चालवूनच लांबी पक्की करा. उभ्याने मोजलेली लांबी चालताना बदलते.