घोडपदेवला पागडीची जुनी खोली घेऊन दुरुस्त करावी का? बजेट ५८ लाख

चिंचपोकळीची_शुभदा
नमस्कार मंडळी. सध्या डोंबिवलीला भाड्याने राहतो, मिस्टरांची आणि माझी दोघांची नोकरी परळला, मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल आणि माहेर चिंचपोकळीला म्हणजे तिला सांभाळायला आई आहे. घोडपदेवला एक खोली बघितली, पागडीची (म्हणजे मालकी नाही, एकरकमी पैसे देऊन घेतलेलं भाडेकरूपण), सेसची म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, तळमजला अधिक तीन, ही दुसऱ्यावर. २२५ फूट, पोटमाळा आहे, मोरी आत, संडास पॅसेजच्या टोकाला कॉमन. मोरीकडच्या भिंतीला ओल आहे, प्लास्टर फुगलंय, लाद्या खालीवर, वायरिंग सगळं उघडं. ५० सांगतायत. एकूण बजेट ५८, दुरुस्ती धरून, आणि वर एक रुपया नाही कारण पागडीवर कुठलीच बँक आम्हाला लोन देत नाहीये, गावची जमीन विकून आलेले पैसे आहेत. दोनच प्रश्न: दुरुस्तीला किती लागतील आणि आधी काय काय तपासायचं? "पागडी घेऊ नका" एवढंच सांगू नका प्लीज, ते सासरे रोज सांगतात.

पनवेलवासी
पागडी घेऊ नका. एवढ्या पैशात आमच्याकडे स्वतःच्या नावावरचा फ्लॅट येतो, लिफ्ट, पार्किंग, समोर डोंगर. आणि आता अटल सेतू झालाय, शिवडीला उतरलं की परळ काय लांब.

कॉटनग्रीनचा_राजा
पनवेलवासी, अटल सेतूवरून रोज बसने जाता का हो? एका बाजूचा टोल किती ते पण सांगा की ताईंना.

पनवेलवासी
कंपनीची गाडी आहे.

कॉटनग्रीनचा_राजा
बरं 😀
ताई, घ्या डोळे झाकून. आम्ही २०११ ला घेतली तेव्हा पण सगळे हसले होते. न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांचे टॉवर झाले, आमची पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, १८० ची खोली होती, ३०० फूट कार्पेट मिळालं आणि आता खालच्या दुकानात एसी सलून आलंय. तुम्ही जास्तीत जास्त एक करोडपर्यंत जा पण टॉवरमध्येच घ्या.

स्वराची_आई
त्यांनी ५८ लिहिलंय, वर एक रुपया नाही असं पण लिहिलंय.

भाडेपावती
आमच्या घरच्यांचं काय झालं ते सांगतो. काकांनी खोली घेतली, जुन्या भाडेकरूला सगळे पैसे दिले, आणि घरमालक म्हणाला पावती नावावर करायची तर माझा हिस्सा द्या. इथे ३३ टक्के मागायची पद्धत आहे, कायद्यात असा आकडा कुठेही नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला पागडी घ्यायला आणि मालकाला ट्रान्सफरचे पैसे घ्यायला मुभा दिली, किती ते आपसातलं. त्यामुळे ५० सांगतायत त्यात मालकाचे धरलेत की वेगळे हे पहिलं लिहून घ्या, वेगळे असतील तर तुमचं बजेट तिथेच संपलं. जुना भाडेकरू, तुम्ही आणि घरमालक तिघांच्या सह्या, करार रजिस्टर, आणि भाडेपावती नावावर झाल्याशिवाय शेवटचा चेक सोडायचा नाही. जुन्या भाडेकरूच्या भावाबहिणींची ना हरकत पण घ्या. काकांच्या खोलीला गावाहून आलेला एक पुतण्या तीन वर्षं कुलूप लावून बसला होता.

जुना_गिरणगावकर
घोडपदेव म्हणजे आता "साऊथ मुंबई" झालं म्हणे. एजंट लोक त्याला भायखळा म्हणून विकतात. ८२ च्या संपानंतर याच खोल्या लोकांनी मिळेल त्या भावात सोडल्या आणि कल्याण विरार गाठलं, आता त्यांच्याच नातवंडांना ५० लाख मागतात.

ई_वॉर्ड
काका, घोडपदेव ई वॉर्डमध्ये म्हणजे भायखळाच. काळाचौकी एफ साऊथ.

जुना_गिरणगावकर
वॉर्ड पालिकेने पाडले, आम्ही लहानपणापासून काळाचौकीला जाऊन भाजी आणतो. पिनकोड बघा, ४०००३३.

ई_वॉर्ड
पिनकोड पोस्टाचा असतो.

सिव्हिल_पाटील
वॉर्डावरून भांडा नंतर. शुभदाताई, ओल मोरीकडे आहे हे वाचून पहिली शंका सऱ्यांची, म्हणजे मजला पेलणाऱ्या लाकडी तुळयांची येते. जुन्या लाकडी बांधकामात सऱ्यांची टोकं भिंतीत घुसवलेली असतात आणि मोरी नाहीतर संडासाच्या पाइपाशेजारची टोकं सगळ्यात आधी कुजतात, बाहेरून रंग मारलेला असतो म्हणून कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या घरात जा, त्यांची परवानगी घेऊन छताचा सरा भिंतीला टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. ठक्क आवाज आला तर बरं, टोक आत गेलं आणि भुसा पडला तर ती दुरुस्ती तुमच्या एकटीच्या हातातली नाही, ती बिल्डिंगची झाली.

दुसरं, जुन्या लाद्यांवर नवीन टाइल्स चढवू नका. २२५ फुटात नुसता दोन इंच माल घातला तरी एक घनमीटर होतो, म्हणजे दोन टन, आणि तो लाकडावर बसतो. जुनी लादी कोबा पूर्ण काढून हलकं काहीतरी करा. लादी, प्लास्टर, रंग ही टेनंटेबल रिपेअर, म्हणजे पालिकेच्या परवानगीशिवाय चालणारी किरकोळ दुरुस्ती, पण भिंत पाडणं, मोरी हलवणं, आत नवीन संडास बांधणं त्यात बसत नाही.

पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढते, मागच्या दोनतीन वर्षांच्या याद्या बघा. ७९-अ ची, म्हणजे धोकादायक बिल्डिंगचा पुनर्विकास करा असं सांगणारी म्हाडाची नोटीस आली होती का तेही विचारा, २०२५ ला ते प्रकरण हायकोर्टात गेलं होतं. खर्च: सरे धड असतील तर वायरिंग, मोरीचं वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, लादी धरून चारसाडेचार लाख धरा.

मॉड्युलर_मीना
चार लाखात काय होतं हो? आमच्या किचनच्या ट्रॉल्याच साडेतीनच्या झाल्या.

स्वराची_आई
तुमचं घर किती फुटाचं मीनाताई?

मॉड्युलर_मीना
८५०. पण क्वालिटी पाहिजे ना.

ट्रान्झिटवाला
३०० फूट मिळतील या आशेवर कोणी घेऊ नये. ३३(७) मध्ये, म्हणजे सेसच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या नियमात, किमान ३०० फूट आहे ते खरं, ५१ टक्के संमती लागते तेही खरं, पण बिल्डर मध्येच थांबला तर तो देतो ते बाहेर राहायचं भाडं बंद. आमची बिल्डिंग पाडली तेव्हा धाकटा बालवाडीत होता, आता त्याला मिशा फुटल्या. बिल्डरचं नाव घेत नाही, केस चालू आहे. दुरुस्त करून त्याच खोलीत राहायचं असेल तरच घ्या.

कॉटनग्रीनचा_राजा
आम्हाला मिळालं ना पण.

ट्रान्झिटवाला
मिळालं असेल. मेंटेनन्स किती भरता ते सांगा.

कॉटनग्रीनचा_राजा
ते विचारू नका.

स्वराची_आई
ताई, कॉमन संडास सकाळी सातला जाऊन बघा, दुपारी नाही. पाणी किती वाजता येतं तेही. आणि तळमजला दाखवतील, स्वस्त म्हणतील, चुकूनही घेऊ नका. घुशी, गटाराचा वास, पावसात पाणी.

पनवेलवासी
+१ तळमजला नको. पनवेलला आठवा मजला आहे एक, बघायचा तर सांगा.

भाडेपावती
तळमजला नकोच.

सिव्हिल_पाटील
दुसरा मजला ठीक, पण आधी ती टोचणी करा.

चिंचपोकळीची_शुभदा
सगळ्यांचे आभार. पाटील साहेब, खालच्या आजींकडे जाऊन मिस्टरांनी टोचलं. मोरीखालच्या दोन सऱ्यांत स्क्रूड्रायव्हर अर्धा आत गेला, आणि आजी म्हणाल्या अहो सावकाश, आमच्या डोक्यावर आहे ते. ५० मध्ये घरमालकाचे धरलेलेच नव्हते, ते वेगळे. म्हणजे दुसरा मजला गेला.

पण त्याच बिल्डिंगच्या मागच्या अंगाला तळमजल्यावर २१० फुटाची खोली निघाली, ४६ ला, घरमालकाचा हिस्सा धरून, आणि तो स्वतः कराराला बसायला तयार आहे. घेतोय. तुम्ही सगळे नको म्हणालात ते वाचलं, पण लादी खाली जमिनीवर बसणार म्हणजे दोन टनांचा प्रश्न नाही, आईचे गुडघे गेलेत ती जिना चढून रोज येऊ शकली नसती, आणि शेजारच्यांनी सांगितलं की जुलैच्या मोठ्या पावसात सुद्धा पाणी पायरीपर्यंतच येतं.

सिव्हिल_पाटील
वरचे दोन कुजके सरे तुमच्याच इमारतीत आहेत हे विसरू नका. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला सगळ्या भाडेकरूंच्या सह्यांचं पत्र द्या, करार व्हायच्या आधी शेजारी सही करतात का बघा. उंबरठा फूटभर वर घ्या. मोरीच्या पाइपाला जाळी बसवा, घुशी तिथूनच येतात.

स्वराची_आई
पायरीपर्यंत "येतं" म्हणजे येतंच ना ताई 🙄

चिंचपोकळीची_शुभदा
सात जणांनी पत्रावर सही केली, एक जण गावाला आहे. बरं, खोलीला जुना सागवानी दोन फळ्यांचा दरवाजा आहे, खालून वाळवीने थोडा खाल्लाय पण वरचा भाग दगडासारखा आहे. उंबरठा वर घेतला की खालून कापावाच लागणार. कापून तोच ठेवावा की चोरबाजारात विकून नवीन बसवावा? सुतार म्हणतोय विका, आणि गिऱ्हाईक पण तोच आणतो म्हणतोय.

जुना_गिरणगावकर
सुतार गिऱ्हाईक आणतोय म्हणजे ठेवा.

मॉड्युलर_मीना
लॅमिनेट लावा, वरून काही दिसत नाही.