ग्रामसभेचा ठराव, पेंटरची पाटी आणि गावातून जाणाऱ्या रस्त्याची वेगमर्यादा

काळी_माती
काल एक पोस्ट फिरत होती: "ग्रामसभेत ठराव घ्या, पेंटरला बोलवा, गावाच्या दोन्ही टोकांना २० ची पाटी लावा. साहेबांच्या मागे फिरायची गरज नाही." खाली सगळ्यांनी हात जोडले, अंगठे दाखवले. एका ओळीत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हा धागा.

राजेहो, त्या पाटीला कायद्यात काडीची किंमत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२(२) वाचा. मर्यादा ठरवायचा अधिकार राज्य शासनाला, किंवा शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाला. राजपत्रात अधिसूचना हवी आणि रस्त्यावर नियमातल्या मापाची, रंगाची पाटीही हवी. एक असून दुसरं नसेल तर मर्यादा लागू नाही. ग्रामसभेचा त्यात उल्लेखच नाही. उलट कलम ११६ प्रमाणे अधिकार नसताना वाहतूक चिन्ह उभं करायलाच मनाई आहे.

उद्या त्या पाटीपाशी कुणाचं पोर गेलं आणि २० ची मर्यादा मोडली म्हणून केस उभी केली, तर समोरचा वकील पहिल्यांदा अधिसूचना मागेल. ती नसेल तर केंद्राची ६ एप्रिल २०१८ ची अधिसूचना लागते. महामार्ग नाही, नगरपालिका हद्द नाही, अशा 'इतर' रस्त्यांवर कारला ७०, बस-ट्रकला ६०, मोटारसायकलला ६०, तीनचाकीला ५०. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकासमोरून, पावणेचार मीटर डांबरावरून, कार ७० ने नेली तरी मर्यादा मोडली असं म्हणता येत नाही. भांडायचं असेल तर या आकड्याशी भांडा.

ठराववाला
ती पोस्ट माझीच. कलमं तुम्हाला पाठ आहेत हे कळलं. आता अधिसूचनेची फाईल कशी फिरते तेही लिहा. शाखा अभियंता, उपविभाग, विभाग, मग जिल्हाधिकारी, मग पोलिसांचा अभिप्राय. तेवढ्यात दोन पावसाळे जातात. गावाने तोवर हात बांधून बसायचं काय? पाटी बेकायदेशीर असेल, पण ती पाहून बाहेरगावचा ड्रायव्हर पाय उचलतो. तेवढं पुरे आहे.

मोजपट्टी
पाय उचलतो हे कोणी मोजलं? मोजणं अवघड नाही आणि खर्चही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रस्त्याच्या सरळ तुकड्यावर ५४ मीटर टेपने मोजा आणि दोन्ही टोकांना चुन्याची आडवी रेघ मारा. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की मोबाईलचं स्टॉपवॉच सुरू, दुसऱ्या रेघेवर बंद. १९४.४ ला सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ४ सेकंद लागले तर ४९, ३ सेकंद लागले तर ६५. मोजणारा माणूस ड्रायव्हरला दिसता कामा नये, दिसला की सगळेच हळू होतात. बंडीमागे (बैलगाडीमागे) अडकलेली गाडी मोजायची नाही, समोर रस्ता मोकळा असलेलीच मोजायची. बाजाराचा दिवस टाळा. अशा निदान १०० गाड्या घ्या, आकडे चढत्या क्रमाने लावा, ८५ वा आकडा पाहा. शंभरातले पंच्याऐंशी लोक त्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात. मर्यादा त्याच्या जवळपास, पाच-दहाच्या पटीत ठेवली तर लोक पाळतात. मनाला येईल तो २० लिहिला तर गावचा माणूसही पाळत नाही, आणि पुढच्या गावची खरी पाटीसुद्धा कोणी मानत नाही.

शाळेचा_रस्ता
हे ८५ चं गणित मोकळ्या रस्त्यासाठी आहे, गावठाणात आणू नका. तुमच्या रेघांवर आकडा ६२ आला तर शाळेसमोर ६० लिहिणार काय? मग जोरात हाणणाऱ्यांनीच कायदा ठरवला म्हणायचं!

गाडी थांबायला लागणारं अंतर बघा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या कोष्टकात ड्रायव्हरला भान यायला अडीच सेकंद धरून ३० च्या वेगाला ३० मीटर, ४० ला ४५, ५० ला ६०, आणि ६० ला ८० मीटर लागतात. शाळेच्या फाटकातून चेंडूमागे पळालेलं पोर ८० मीटरवरून दिसतं काय? दोन घरांमधून निघालेलं तर २० मीटरवरूनही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की कारच्या धडकेचा वेग ५० वरून ६५ झाला की पायी माणूस मरण्याचा धोका साडेचार पट होतो. स्टॉकहोमला फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीरनामा झाला, त्यात माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३० च म्हटलं आहे. मर्यादा माणसाच्या हाडांवरून ठरवा, ड्रायव्हरच्या पायावरून नको.

मोजपट्टी
हाडांवरून ३० लिहिलं, रस्ता तसाच सरळ, गुळगुळीत ठेवला. पाळणार कोण? कलम १८३(३) प्रमाणे नुसत्या "मला वाटलं जोरात होता" या एका साक्षीवर वेगाचा गुन्हा सिद्ध होत नाही, यंत्राचं मोजमाप लागतं. स्पीड गन असलेली गाडी महामार्ग सोडून तुमच्या फाट्यावर किती वेळा येते? आली तर हलक्या गाडीला १,००० ते २,०००, जड गाडीला २,००० ते ४,००० दंड. न पाळता येणारी मर्यादा म्हणजे वसुलीला दिलेलं कुरण. मोटारसायकलवर युरियाची पोती घेऊन ३८ ने जाणारा शेतकरी सापडतो, आणि कोळशाचा ट्रक रात्री दोनला ७० ने निघून जातो.

गिट्टी_मुरूम
दोघेही आकड्यावर भांडत बसा. वेग कमी होतो तो ब्रेकरने. पण आपल्याकडे ब्रेकर म्हणून जे टाकतात ते पाहून तळपायाची आग मस्तकात जाते.

रस्त्याचं काम संपताना टिप्परमध्ये उरलेलं डांबर-गिट्टीचं मिश्रण आडवं ओततात, वरून ट्रॅक्टरचं चाक फिरवतात, झाला ब्रेकर. रुंदी दीड-दोन फूट, उंची हाताच्या वितीएवढी. असल्या आखूड उंचवट्यावर हळू जाणाऱ्यालाच जास्त दणका बसतो. जोरात जाणाऱ्याचा धक्का टायर आणि स्प्रिंग गिळून टाकतात, हे पोरांना बरोबर कळलेलं असतं.

माप असं: रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, वरची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. यावरून कार साधारण २५ ने आरामात जाते, त्याहून जोरात नेली तर आतला माणूस उडतो. गोलाई साधायला प्लायचा साचा कापा. मध्यावर १० सेंमी, मध्यापासून दोन्हीकडे ९२ सेंमीवर साडेसात, टोकाला शून्य. साचा फिरवून बघितल्याशिवाय रोलर हलवू द्यायचा नाही. जुनं डांबर घासून साफ करून त्यावर पातळ डांबराचा फवारा मारलाच पाहिजे. तो चुकवला की आपल्याकडच्या मे महिन्यात ब्रेकर खालून सुटतो आणि ट्रकच्या ब्रेकने पुढे सरकतो. सगळ्यात मोठी चूक पाण्याची. कडेपासून कडेपर्यंत ब्रेकर टाकला की चढाच्या बाजूला पाणी तुंबतं, काळ्या मातीत मुरतं, माती फुगते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ब्रेकरच्या अलीकडेच गुडघाभर खड्डा. दोन्ही कडांना थोडी फट सोडावीच लागते.

ठराववाला
फट सोडली की मोटारसायकली फटीतून जातात. आणि साइडपट्टीवर माणसं चालतात. म्हणजे गाडी आता थेट माणसांत घातली.

गिट्टी_मुरूम
म्हणून साइडपट्टीवर ब्रेकरच्या रेषेत चुन्याने रंगवलेले दगड रोवायचे. हे काम ठेकेदार करत नाही, कारण ते बिलात नसतं.

एकशे_आठ
ब्रेकरचं कौतुक फार झालं. तालुक्याच्या रुग्णालयापर्यंतच्या एका वाटेवर वीस-बावीस ब्रेकर पडतात. रुग्णवाहिकेत मागे बाळंतकळा सुरू असलेली बाई असेल तर प्रत्येकावर गाडी जवळपास उभी करावी लागते. कंबरेला किंवा मणक्याला मार लागलेल्या माणसाला तर तो दणका घातकच. गावागणिक तीन-तीन ब्रेकर हा उपाय नाही, शिक्षा आहे.

गिट्टी_मुरूम
हे मान्य करावं लागेल, पण दोष आखूड ब्रेकरचा आहे. ३.७ मीटरवाल्यावरून रुग्णवाहिका २० ने सरळ जाते. आणि दोन्ही बाजूंना ४० मीटर आधी इशाऱ्याची पाटी हवी, ब्रेकरवर काळे-पांढरे पट्टे हवेत, तेही काचेचे बारीक मणी असलेल्या रंगाचे. साधा ऑइल पेंट महिन्याभरात डांबरासारखाच काळा होतो आणि रात्री ब्रेकर दिसत नाही. मग मोटारसायकलवाला उडून पडतो आणि नाव वेगाचं होतं.

शाळेचा_रस्ता
ब्रेकरवर उतरलात तर कायदा मागेच राहिला! इथे विषय मर्यादेचा आहे.

रोही_आडवी
मर्यादेचंच बोलतो. रात्रीचं कोणी बोलत नाही, सगळे शाळेपाशी अडकलेत. समोरून गाडी आली की लाइट डिपरवर घ्यावी लागते. तेव्हा पुढचं साधारण ४० मीटरच नीट दिसतं. वरच्या कोष्टकात ५० ला ६० मीटर लागतात. म्हणजे अंधारात ५० ने जाणारा माणूस, दिसलं त्याच्या पलीकडे जाऊनच थांबणार. तिथे रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवं आलं तर संपलं. आणि रोह्यापेक्षा वाईट काय, तर कपाशीची ट्रॉली. दिवाळीनंतर हिंगणघाटकडे जिनिंगला (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) जाणाऱ्या ट्रॉल्या पाहा. कापूस चारी बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा त्याखाली गाडलेला, रिफ्लेक्टर शेणामातीने माखलेले. मागे दोन लाल रिफ्लेक्टर नियमात आहेत, पण ते कापसाच्या खाली लोंबले पाहिजेत, आत दडले तर उपयोग काय? बंडीला तर वेगमर्यादा लागतच नाही, ती मोटार वाहन नाही. जूवर आणि मागच्या दांडीवर लाल चमकती पट्टी लावली तर खर्च चहापाण्याएवढा.

मोजपट्टी
ट्रॉलीचा प्रश्न वेगळा आहे, मर्यादेत मिसळू नका.

रोही_आडवी
वेगळा काहून? ट्रॉली १५ ने चालते, मागचा ६० ने येतो. अपघात त्या ४५ च्या फरकाने होतो. तुमच्या ८५ व्या आकड्यात ट्रॉली दिसतच नाही, आणि तिच्यामागे अडकलेली गाडी तुम्ही मोजतच नाही. म्हणजे ज्याने माणूस मरतो तीच गाडी तुमच्या हिशेबाबाहेर!

मोजपट्टी
...हा मुद्दा बरोबर आहे. सरासरीपासून खूप हळू आणि खूप जोरात, दोन्ही बाजूंच्या गाड्या वेगळ्या नोंदवायला हव्यात. गावठाणापुरतं हेही मानतो की ८५ वा आकडा मर्यादा ठरवायला नको. तो रस्ता किती बदलावा लागेल हे सांगतो, एवढंच. आकडा ६० आणि हवेत ३०, तर नुसती पाटी पुरणार नाही. पण गावाबाहेरच्या मोकळ्या चार किलोमीटरवर ३० लिहायला माझा विरोध कायम.

शाळेचा_रस्ता
गावाबाहेर ३० कोणी मागितलंच नव्हतं. पहिल्यापासून गावठाणाचंच बोलणं सुरू आहे.

गिट्टी_मुरूम
बाहेरच्या चार किलोमीटरलाही मोकळं म्हणू नका. डांबर ३.७५ मीटर, एसटी अडीच मीटर रुंद. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघांचं एक चाक साइडपट्टीवर उतरतं. तिथला मुरूम पावसात वाहून गेलेला, डांबराच्या कडेला चार-सहा इंचाची पायरी. मोटारसायकलचं चाक एकदा त्या पायरीखाली गेलं आणि हँडल वळवून वर घ्यायला गेला की गाडी आडवी पडते. ५० चा वेगही तिथे जास्त आहे. दर पावसाळ्यानंतर मुरूम भरून, पाणी मारून, दाबून डांबराच्या पातळीला आणला तरच कुठल्याही आकड्याला अर्थ. रस्त्याच्या रचनेत आणि देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १९८अ. ते कलम अर्जात लिहा, फाईल हलते.

ठराववाला
चला, अर्जावर आलात. मग कसा करायचा तेही सांगा, नुसतं चुकलं म्हणू नका.

काळी_माती
आधी रस्ता कोणाचा ते पाहा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज तिथेच झोपतो. मग जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज, प्रत पोलीस अधीक्षक आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाला. जोडायचं काय? कोणत्या किलोमीटर दगडापासून कोणत्यापर्यंत मर्यादा हवी ते मीटरमध्ये, 'गावाच्या हद्दीत' असं मोघम नाही. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, बसथांबा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा. मोजपट्टीच्या पद्धतीने घेतलेले १०० वेग. ठाण्यातल्या मागच्या तीन वर्षांच्या अपघातांचे गुन्हा क्रमांक. आणि तुमचा ग्रामसभेचा ठराव, तो इथे कामाचा आहे. कलम ११२(२) च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्यातल्या अपवादाप्रमाणे, एका महिन्यापेक्षा जास्त नसलेल्या मर्यादेला राजपत्रातली अधिसूचना लागत नाही. कापसाच्या हंगामातला एक महिना ३० मागा. त्या महिन्यात पुन्हा १०० वेग मोजा आणि दोन्ही तक्ते कायमच्या अर्जाला लावा.

ठराववाला
ठराव जोडतो. १०० गाड्या मोजायला पोरं बसवतो. महिन्याची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, हे मानतो. पण आमची २० ची पाटी अधिसूचना येईपर्यंत काढणार नाही.

काळी_माती
निदान लाल वर्तुळ पुसून टाका. "शाळा आहे, गाडी हळू चालवा" असं साध्या अक्षरात लिहा. ते गावाचं आवाहन होतं, खोटं वाहतूक चिन्ह होत नाही.

शाळेचा_रस्ता
आणि खरी पाटी येईल तेव्हा प्रत्येक फाट्यानंतर पुन्हा लावून घ्या. शेतरस्त्याने मध्येच मुख्य रस्त्यावर आलेल्याला वेशीवरची पाटी दिसलेलीच नसते. मर्यादा संपल्याची पाटीही मागा.

गिट्टी_मुरूम
खांब रोवताना उभं राहून बघा. पाटीची खालची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा निदान दीड मीटर वर हवी, नाहीतर तुरीच्या गाडीआड जाते. आणि अलीकडची बाभूळ आधी छाटा. माणूस मे महिन्यात येऊन पाटी लावतो तेव्हा फांद्या सुकलेल्या असतात, ऑगस्टमध्ये पाटी पूर्ण झाकली जाते.