अध्ययन शैली आणि इंग्रजीतील संपादणूक : संशोधन आराखड्याविषयी मत हवे

एम.एड. विद्यार्थिनी, परभणी :
मराठी माध्यमाच्या शाळांतील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांची अध्ययन शैली (शिकण्याची पसंतीची पद्धत) आणि इंग्रजीतील संपादणूक (विषयात मिळवलेले यश) यांचा सहसंबंध लघुशोधप्रबंधासाठी अभ्यासण्याचा माझा विचार आहे. शैलीसाठी फ्लेमिंग यांची ‘व्हार्क’ (पाहून, ऐकून, वाचून-लिहून की कृतीतून शिकणे आवडते, हे विचारणारी) प्रश्नावली मराठीत करून द्यावी आणि संपादणूक म्हणून प्रथम सत्राचे गुण घ्यावेत, असा आराखडा आहे. तो पुरेसा ठरेल का?

सेवानिवृत्त इंग्रजी अध्यापक, लातूर :
ताई, अडचण गुणांपासूनच सुरू होते. सत्र परीक्षेचे गुण बहुतांशी लेखी उत्तरपत्रिकेचे असतात. दहावीलाही १०० पैकी ८० गुण लेखीचेच. त्यामुळे वाचन-लेखनाकडे ओढा असलेली मुले पुढे दिसली, तर तो शैलीचा प्रभाव की परीक्षेच्या स्वरूपाचा, हे तुमच्या आकडेवारीतून उलगडणार नाही. श्रवण आणि संभाषण यांच्या छोट्या चाचण्या स्वतः तयार करून त्यांचे गुण वेगळे मांडावेत. शिवाय प्रश्नावलीतून कळते ती विद्यार्थ्याने सांगितलेली पसंती. त्या मार्गाने तो अधिक शिकतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता : दृक् आणि श्राव्य अशा दोन्ही गटांतील मुलांना यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे) दोनपैकी एका प्रकारे शिकवून सर्वांना एकच चाचणी द्यावी, आणि एका गटाला एक पद्धत, तर दुसऱ्याला दुसरी पद्धत सरस ठरली, तरच शैलीनुसार शिकवण्याचा दावा टिकतो. तसा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत मात्र सहसंबंध मिळताच ‘शिक्षकांनी शैलीनुसार अध्यापन करावे’ ही शिफारस ठरलेलीच असते.

माध्यमिक शिक्षिका, बीड जिल्हा :
सरांशी सहमत आहे. साधनाबाबत सुचवावेसे वाटते की, जॉय रीड यांची १९८७ची प्रश्नावली इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठीच केलेली असून तीत गटात आणि एकट्याने शिकण्याची पसंतीही तपासली जाते. दुसरे म्हणजे उपस्थितीची नोंद अवश्य घ्या. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर काही मुलेही जातात. त्यांचे वार्षिक गुण घसरले, तर त्याचा शैलीशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. घरी इंग्रजी वाचून दाखवणारे कोणी आहे का, शिकवणी आहे का, हेही विचारा.

एम.एड. विद्यार्थिनी, परभणी :
आभारी आहे. उपस्थिती आणि पूर्वीचे गुण नियंत्रित करून आंशिक सहसंबंध (या घटकांचा प्रभाव वगळून उरणारा संबंध) काढल्यास चालेल का?

सेवानिवृत्त इंग्रजी अध्यापक, लातूर :
चालेल. आठवीचे गुण पूर्वसंपादणूक म्हणून घ्या. मात्र शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द नको, ‘सहसंबंध’च ठेवा.