"आधी दारू सोडवून आणा": एका माणसाच्या दोन फायली कशाला?

रानजाई
माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. बायपोलरचं (कधी अतिउत्साह, कधी टोकाची उदासी असा मनाचा आजार) निदान २०१६ सालचं, दारू त्याच्याही आधीची. त्याच्या दोन फायली आहेत. निळी मानसोपचाराची, पिवळी व्यसनमुक्तीची. दोघींची आजवर गाठ पडलेली नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत ऐकवतात, "आधी दारू सोडवून आणा, पिणाऱ्याला औषध किती लागू पडतंय ते कळत नाही." व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला की पहिला प्रश्न, "मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का? मग तब्येत स्थिर असल्याची चिठ्ठी आणा." चिठ्ठी मागायला जावं तर पुन्हा पहिलं वाक्य. आईने याला नाव ठेवलंय, तलाठी-ग्रामसेवक.

एका दिवाळीत तो सलग चार दिवस प्यायला. जेवण नाही, उलट्या, पाणीसुद्धा पोटात ठरेना. आई मात्र बायपोलरसाठीच्या लिथियमच्या गोळ्या नेमाने देत होती, निदान तेवढं तरी चुकू नये म्हणून. पाचव्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की कप धरवेना. जीभ जड, चालताना झोक जायचा. आम्ही म्हटलं, दारू उतरतेय. पिवळ्या फायलीतल्या समुपदेशकांनाही फोनवर तेच वाटलं. रात्री कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "लिथियमची पातळी शेवटची कधी तपासली?" मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. अंगातलं पाणी कमी झालं की लिथियम रक्तात साठत जातं, हे आम्हाला त्या रात्री कळलं. गोळी बंद करून सलाइन लावलं, म्हणून निभावलं.

थरथर एकच होती. ती कुठल्या फायलीतली, हे बघणारं कोणी नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं: दोन्ही आजार एकाच ओपीडीत, एकाच टीमने, एकाच केसपेपरवर बघावेत. माणूस घरी राहून, जमलं तर कामावर जाऊन. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात 'मानसिक आजार' या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. कायद्याला जर दोन्ही एकाच घरातले वाटतात, तर दवाखान्याची दारं दोन कशाला? विरोधी मतं असतील तर जरूर लिहा. मला भांडायचं नाही, ठरवायचंय.

सदूभाऊ_सातारकर
ताई, मी १९ वर्षं कोरडा आहे. रोखठोक लिहितो, राग मानू नका. आमच्या ग्रुपवर नवा आलेला प्रत्येक जण 'माझं मूळ दुखणं वेगळंच आहे' असं म्हणत येतो. कुणाचं डिप्रेशन, कुणाची बायको, कुणाचा साहेब. मीही म्हणायचो. रडायचो, रात्र रात्र झोप नाही, जीव द्यावासा वाटायचा. दारू थांबली आणि महिन्याभरात ते डिप्रेशन कुठे गेलं ते मलाच कळलं नाही. बेवड्याच्या हातात अजून एक आजार दिलात की त्याला प्यायला अजून एक कारण मिळालं. आणि गोळ्यांचं म्हणाल तर दारू सुटून झोपेच्या गोळ्यांना लागलेले तिघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक वेळी एकच शत्रू.

निळी_शाई
मानसोपचारात काम करते, म्हणून दोन्हीकडे थोडी थोडी पाचर मारते.

सदूभाऊंचा अनुभव खोटा नाही. दारूनेच आणलेलं औदासीन्य बऱ्याच जणांत दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांत ओसरतं. म्हणूनच आम्ही पिणाऱ्या माणसावर नैराश्याचा शिक्का मारायची घाई करत नाही. पण बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असा ओसरत नाही. आणि निदानासाठी थांबणं वेगळं, दारातून परत पाठवणं वेगळं. रानजाईंच्या भावाच्या बाबतीत दुसरंच झालेलं दिसतंय.

आता रानजाईंना. 'एकत्रित उपचार' ऐकायला छान वाटतं, पण पुरावा तितका ठणठणीत नाही. तीव्र मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्यांवरच्या चाचण्यांचा कोक्रेनचा (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा आहे, २०१९ चा. कुठलीही एक मनोसामाजिक (समुपदेशनासारखी) पद्धत, अगदी एकत्रितसुद्धा, नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे सरस आहे असं त्यातून निघालेलं नाही. शिवाय दारू तोडताना ज्याला आधी फिट आली आहे किंवा दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन भिंतीवर किडे दिसलेत, त्याला घरी ठेवून दारू तोडणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला खाटच लागते.

जाता जाता: दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी चहात-वरणात गुपचूप मिसळणारी घरं मी कितीतरी पाहिली. वर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) आहे त्याचा आजार या गोळीने उसळू शकतो. कृपा करून करू नका.

गोट्या_८१
दारूबंदी करा, सगळे प्रश्न मिटतील.

एसटी_पास
@गोट्या_८१, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ करून पाहिली. मी तिथेच होतो. पुढे.

रानजाई
@निळी_शाई, आढाव्याचा मुद्दा मान्य, पण एक शंका. त्या चाचण्या बहुतेक अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या ना? तिथल्या 'नेहमीच्या उपचारां'त निदान कोणीतरी केस सांभाळणारा माणूस असतो. आमच्याकडचे नेहमीचे उपचार म्हणजे तलाठी-ग्रामसेवक. त्याच्याशी तुलना कुणी केली आहे का? आणि गोव्यात 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून दारूवर काम करून दाखवलंच की. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. डॉक्टर नसतानाही, खाट नसतानाही.

निळी_शाई
गोव्याचं काम मला स्वतःला फार आवडतं, पण ते तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही. त्यात घेतलेले पुरुष धोकादायक प्रमाणात पिणारे होते, पक्कं व्यसन जडलेले त्या चाचणीत नव्हते. आणि नैराश्यासाठीचा कार्यक्रम वेगळा, दारूसाठीचा वेगळा, अशा दोन स्वतंत्र चाचण्या होत्या त्या. म्हणजे तिथेही फायली दोनच!

तुलनेचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

अर्धविराम
सगळे ओपीडी ओपीडी करताहेत, म्हणून लिहिते. 'घरी राहून उपचार' म्हणजे कुणाच्या घरी? माझ्या. माझ्या नवऱ्याला दारू आणि संशयाचा आजार, दोन्ही. सात महिने घरून उपचार केले. गोळ्या मी मोजायच्या, पैसे मी लपवायचे, तो बाथरूममध्ये गेला की टाकीच्या झाकणामागे चपटी आहे का ते मी चाचपायचं. डॉक्टर पंधरा दिवसांतून वीस मिनिटं बघणार, बाकीची वॉर्डनची नोकरी बायकोची, बिनपगारी. चौकातलं वाइन शॉप आमच्या खिडकीतून दिसतं. संध्याकाळी त्याची पाटी लागली की त्याच्या पायांना आपोआप चप्पल सापडायची.

शेवटी त्याला निवासी केंद्रात ठेवलं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा यायचे, गोळ्या नर्स द्यायची. पहिल्या रात्री मी मुलींच्या खोलीला आतून कडी न लावता झोपले. तुमच्या टीमच्या आराखड्यात ही कडी कुठे बसते ते सांगा, मग मी एकत्रित उपचारांना हात वर करते.

सदूभाऊ_सातारकर
ताई, तुमच्यापुढे मी काही बोलत नाही.

निळी_शाई
@अर्धविराम, तुमचा मुद्दा मी पुसत नाही. घरात हिंसा असेल तर ओपीडीचा विषयच संपतो.

पण निवासी केंद्राच्या शांततेचीही एक गंमत असते, ती सांगते. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही सायकोसिसवरची औषधं बिडी-सिगारेटच्या धुराने शरीरातून लवकर निघून जातात. बिडी बंद करवणाऱ्या जागी माणूस आठवडाभर राहिला की त्याच गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. झोपाळू होतो, लाळ गळते, पण कानातले भासाचे आवाज गप्प बसतात. सगळे म्हणतात, काय सुधारलाय! घरी येऊन दिवसाला वीस बिड्या सुरू झाल्या की तेवढीच गोळी अपुरी पडते, आणि महिन्याभरात 'केंद्रात बरा होता, घरी बिघडला' म्हणून दोष बायकोच्या माथी. हे लक्षात ठेवणारा माणूस डिस्चार्जनंतरच्या ओपीडीत हवा. तो बहुतेक ठिकाणी नसतो.

आपल्याकडे हे असं नेहमीच तुटलेलं होतं असंही नाही. 'मुक्तांगण' १९८६ मध्ये सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट तिथल्याच मानसोपचारतज्ज्ञ. वाटा नंतर फाटल्या.

एसटी_पास
शहरात दोन फायली तरी आहेत, नशीबवान आहात. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेवक होतो. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एका ठरलेल्या बुधवारी आमची गाडी जायची. एक मानसोपचारतज्ज्ञ, मी, एक नर्स, औषधांचे दोन खोके. वेड, दारू, फिट, पोराचं न बोलणं, सगळं त्याच टेबलावर. म्हणजे तुमचा 'एकत्रित' उपचार आम्ही नाइलाजाने आधीपासूनच करत होतो. ओळीत ऐंशी जण, चार वाजता परतीची गाडी. दारूवाल्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि उपदेश, दुसरं द्यायला खोक्यात काही नसायचं.

एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. दोन तिकिटं, दोघांची मजुरी बुडाली. एकदा तो एसटी स्टँडवरूनच सटकला. ही एकटीच केसपेपर घेऊन ओळीत उभी. म्हणाली, "तो नाही आला, पण कागद तरी चालू राहू द्या."

तरीही मी ओपीडीच्याच बाजूचा. एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत (अहवाल २०१९ चा) दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं आलं. उरलेले ३७ कुठल्या केंद्रात झोपवणार आहात? अर्धविरामताईंच्या नवऱ्यासारख्यांना खाटा हव्यातच. पण खाट हाच पहिला दरवाजा केला तर तो बहुतेकांना बंदच.

खर्चाचं कुणी बोललं नाही. विमा बहुतेक वेळा भरती झालं तरच पैसे देतो, ओपीडीचे नाही. त्यामुळे ज्याला ओपीडी पुरली असती त्यालाही ॲडमिट करतात, आणि ज्याच्याकडे विमाच नाही तो दोन्हीकडून जातो.

सदूभाऊ_सातारकर
माझं मत फार बदललेलं नाही. पण लिथियमचा किस्सा दोनदा वाचला. आमच्या ग्रुपवर एक पोरगा होता, गोळ्या चालू असलेला. 'अजून कुबड्या घेतोस?' म्हणून आम्ही त्याची चेष्टा करायचो. त्याने गोळ्या सोडल्या, पुढे यायचाच बंद झाला. का, ते आम्ही कधी विचारायला गेलो नाही. एवढंच लिहितो.

झोपेच्या गोळ्यांचं मात्र मागे घेणार नाही.

निळी_शाई
घेऊच नका. ते बरोबरच आहे. दारू तोडताना त्या मोजके दिवस लागतात, नंतर महिनोन्‌महिने तीच चिठ्ठी मेडिकलवर फिरत राहते. दोन दवाखाने असले की दोन्हीकडून मिळतात.

अर्धविराम
@एसटी_पास, त्या बाईचं वाचून गप्प झाले. पण माझा प्रश्न तसाच आहे. रानजाई, तुमच्या भावाला रात्री दोन वाजता चढलं तर टीम कुठे असणार? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ ला, मी फोन केला आहे. बोलले चांगलं. पण दार त्यांनी येऊन धरलं नसतं.

रानजाई
खरं सांगू? रात्री दोनचं माझ्याकडे उत्तर नाही. सध्या मी आणि चुलतभाऊ पाळी लावतो. तो अंगावर धावून येत नाही म्हणून जमतं, तुमच्याकडे ते जमणार नव्हतं हे कळलं.

दोन्ही फायली मी भोकं पाडून एकाच लेसने बांधल्या आहेत. सोमवारी एका ओपीडीत जायचंय, तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि व्यसनाचे समुपदेशक एकाच मजल्यावर बसतात असं कळलंय. @निळी_शाई, आधी कुठल्या तपासण्या करून नेऊ? आणि तो रविवारी पिणार हे जवळपास ठरलेलं आहे. मग पुढची तारीख घेऊ का?

निळी_शाई
लिथियम परत सुरू असेल तर त्याची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), यकृताच्या तपासण्या. लिथियमचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. तो किती पितो आणि शेवटचं कधी प्यायला ते कागदावर लिहून न्या, तिथे विचारल्यावर सगळे निम्मंच सांगतात. मधेच उलट्या, झोक जाणं, जीभ जड होणं असं काही दिसलं तर सोमवारची वाट बघू नका, त्याच वेळी कॅज्युअल्टी गाठा.

तारीख बदलू नका. प्यायलेला असला तरी घेऊन जा.