उपवास की अन्नाची धास्ती?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): माझी सतरा वर्षांची पुतणी सोमवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे उपवास धरते, पण साबुदाण्याची खिचडीसुद्धा बशीत चिवडून तशीच ठेवते. घरात तिच्या श्रद्धेचे कौतुक चालले आहे. हा आजार असू शकतो का?

उत्तर: असू शकतो. खाण्याशी निगडित मानसिक आजारांचे रूप ठिकठिकाणी वेगळे दिसते. फिजीमध्ये भरलेले अंग चांगले मानले जाई. पण तेथील एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली आणि १९९८ पर्यंत, वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण शून्यावरून ११.३ टक्क्यांवर गेल्याचे संशोधक ॲन बेकर यांना आढळले. उलट हाँगकाँगमध्ये मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांच्या, खाणे सोडलेल्या अनेक रुग्णांना लठ्ठपणाची भीती नव्हतीच. पोट फुगते, अशी त्यांच्यातील काहींची तक्रार होती. म्हणून ‘ती बारीक व्हायचे म्हणतच नाही’ यावर विसंबू नका.

दुसरे उत्तर: आपल्याकडे एरवी ‘अगदी काडी झालीस’ म्हणणारी आत्याच स्थळ सांगताना ‘मुलगी सडपातळ हवी’ हेही सांगते. मुलीने ऐकायचे तरी कोणते?

तिसरे उत्तर: पाळी चुकते का, चक्कर येते का, हे तिच्या आईने हळूच विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. ताटावरून वाद मात्र घालू नये.