मदत हवी आहे: माणसाच्या पेशीत ओडीसी हे एन्झाइम सतत नवं बनतं, तर ते बंद पाडणारं एफ्लॉर्निथिन हे औषध न्यूरोब्लास्टोमात (लहान मुलांच्या चेतापेशींच्या कर्करोगात) चालतं कसं?

नमस्कार. मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते आहे. सेमिनारसाठी पॉलिअमाइन चयापचय घेतलंय, पण एका ठिकाणी गाडी अडली आहे.

पुट्रेसिन, स्पर्मिडिन, स्पर्मिन ही पेशीच्या वाढीला लागणारी पॉलिअमाइन्स. ऑर्निथिनपासून पुट्रेसिन बनवणारं एन्झाइम म्हणजे ऑर्निथिन डीकार्बॉक्सिलेज, म्हणजेच ओडीसी. एफ्लॉर्निथिन त्याला कायमचं निकामी करतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या निद्रारोगावर हे औषध का चालतं, ते कळलं. आपल्या पेशीतलं ओडीसी अँटिझाइम या प्रथिनाच्या मदतीने झटपट मोडलं जातं आणि तितक्याच झटपट नवं बनतं. हा रोग करणाऱ्या गॅम्बिएन्स परजीवीचं ओडीसी मात्र टिकाऊ, त्यामुळे एकदा बंद पडलं की त्याची जागा लवकर भरून निघत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या ऱ्होडेसिएन्स या परजीवीत ते लवकर बदलतं आणि तिथे औषध फारसं लागू पडत नाही. इतका सरळ कार्यकारणभाव क्वचितच वाचायला मिळतो!

पण डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने हेच औषध जास्त धोक्याच्या न्यूरोब्लास्टोमासाठी मंजूर केलं. तिथल्या पेशी तर माणसाच्याच. त्यात एमवायसीएन या पेशीवाढीला चालना देणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती असल्या की ओडीसी आणखी वाढतं. मग औषध कमीच पडायला हवं ना? शिवाय आहारातली आणि आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेली पॉलिअमाइन्स पेशी बाहेरून आत घेऊ शकते, ते वेगळंच. कुणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १
औषध पेशी मारतं असं धरलंय, तिथे गफलत होतेय. ते मुख्यतः वाढ थोपवतं. निद्रारोगातही परजीवीचं विभाजन थांबतं, सफाई रुग्णाची प्रतिकारशक्ती करते. न्यूरोब्लास्टोमात ते आधीच्या उपचारांना, अँटी-जीडी२ इम्युनोथेरपीसकट (गाठीच्या पेशींवरच्या जीडी२ला धरणाऱ्या प्रतिपिंडांचा उपचार), प्रतिसाद मिळाल्यावर देतात: रोज दोनदा गोळ्या, दोन वर्षांपर्यंत. उद्देश आजार उलटू नये हा. नवं ओडीसी बनत राहतं, म्हणून तर औषधही चालू ठेवावं लागतं. आणि एमवायसीएनवर वाढणाऱ्या पेशीला पॉलिअमाइन्स भरपूर लागतात, त्यामुळे टंचाई तिलाच जास्त जाणवते.

धागाकर्ती
मनापासून आभार, विभाजन थांबवण्याचा मुद्दा आता पहिल्याच स्लाइडवर घेते. बाहेरून येणाऱ्या पॉलिअमाइन्सचं कोडं मात्र राहिलंच. एटीपी१३ए२ हे वाहक प्रथिन लायसोसोममधून (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतून) पॉलिअमाइन्स बाहेर काढतं, एवढं वाचलंय. ती आत येण्याची वाटच औषधाने अडवण्यावर कुणी काम करत असेल तर कृपया लिहा.